अकरा वर्षं न बदललेलं पॅकेज

रौधाच्या दिवसाची सुरुवात शिव्यांनी होई, आणि त्यात तिचा काही दोष नव्हता. स्फॅक्समधल्या आपल्या खोलीत ती मोफत सॉफ्टवेअरच्या संग्रहाचं ‘नवीन आणि सुधारित’ हे पान उघडी. नोंदी तपासायचं काम तिच्याकडे होतं. ज्याचा बदल ताजा तो सगळ्यात वर, आणि तिथे संग्रह चालवणारा लस्साद दात काढून बसलेला असे. परवा त्याने आपल्या पॅकेजमधला, म्हणजे संग्रहात ठेवलेल्या प्रोग्राममधला, एक स्वल्पविराम काढला होता, काल तो परत घातला होता. दोन्ही दिवशी पहिला नंबर! ट्युनिसच्या बैठकीत या महाशयांना सर्वांत कष्टाळू सदस्य म्हणून टाळ्या मिळाल्या होत्या. उथळ पाण्याला खळखळाट फार, दुसरं काय!

तिचं स्वतःचं पॅकेज अकरा वर्षं त्या पानाकडे फिरकलं नव्हतं. तेलाच्या घाण्यावर कुणाची ऑलिव्ह आधी आली आणि कुणाची पाळी कधी, एवढंच ते सांगे. घाणेवाले दर हंगामाआधी ते संग्रहातून उतरवून घेत. त्यात चूकच नव्हती, मग सुधारायचं काय?

सोमवारी लस्सादने फतवा काढला. पाच वर्षांत न बदललेली पॅकेजेस मृत समजून शुक्रवारी काढून टाकणार. रौधाने तडक फोन लावला.

“अरे, चाळीस घाणे वापरतात ते. पुढच्या आठवड्यात तोडणी सुरू होतेय.”

“मग जरा हलव की त्याला! जिवंत आहे हे लोकांना कळायला नको?”

“चाललेल्या गोष्टीला हलवायचं कशाला?”

“फार हट्टी बाई तू. मला बघ, रोज काहीतरी करतो.”

“हो ना, दिसतंय रोज.”

तीन दिवस ती हटून बसली. त्या माणसासारखं वागण्याची कल्पनाच तिला किळसवाणी वाटत होती. पण पॅकेज गेलं तर घाण्यांवर पाळीवरून डोकी फुटतील, हेही तिला माहीत होतं. गुरुवारी दुपारी तिने मध्ये एक रिकामी ओळ घातली, आवृत्तीचा आकडा वाढवला आणि पाठवून दिलं. पॅकेज थेट पहिल्या नंबरावर चढलं. तिला स्वतःची लाज वाटली.

लस्सादचा निरोप लगेच आला. “शाब्बास! वापरून पाहिलं. वेग चांगलाच वाढलाय.”

रिकाम्या ओळीचा वेग! आणि या गाढवाच्या हाती संग्रह.

तोडणी सुरू झाल्यावर, पुढच्या शनिवारी सकाळी, हज करून आलेल्या हाज खमीस यांचा फोन आला. शहराबाहेर त्यांचा जुना घाणा होता.

“पोरी, पडद्यावर आलंय, पाळीचा हिशेब बदललाय म्हणून. काय बिघडलं होतं?”

“काही नाही, हाज.”

“मग हात कशाला लावलास?”

“नाहीतर ते काढूनच टाकणार होते. त्यांच्या यादीत वर दिसावं लागतं.”

“कुणाला?”

पलीकडे माणसांचे आवाज चढत होते.

“अकरा वर्षं सांगत आलो, याला कुणी हात लावत नाही, म्हणून भांडू नका,” हाज म्हणाले. “आता सगळ्यांनी ते पडद्यावर वाचलंय. म्हणतायत, पैसे चारून कुणीतरी पाळी फिरवली.”

“मी येऊन समजावते त्यांना.”

“नको. तू आता काही करू नकोस, पोरी. पाळी सांगणारं ते मशीन मी बंद केलंय.”