पालथे घमेले

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, ही तांदळाची कोठी आहे. आज माझ्यात तांदूळ आहे, हे खरे. पण मी कोठी नाही. मी एक पेटी आहे. लोखंडी, जड, दोन्ही बाजूंना कड्या असलेली.

माझा जन्म रेल्वेसाठी झाला. भुसावळच्या एका गार्डसाहेबांचे सामान माझ्या पोटात असे. लाल झेंडा, हिरवा झेंडा, हातातला कंदील आणि त्यांचा भाकरीचा डबा. गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मी पुष्कळ मुलूख पाहिला. पुढे नव्या पेट्या आल्या. माझ्या पाठीवर पांढरी फुली मारून मला भंगारात टाकले. तिथे पावसाचे पाणी माझ्यावर साचून राही.

तिथून मला गिरधर नानांनी उचलले. नाना रेल्वेत खलाशी होते. त्यांची बायको प्रमिलाबाई भडगाव तालुक्यात, गिरणेच्या काठच्या एका गावात मास्तरीण होती. नोकरीपायी दोघे दोन गावांना राहत. शाळेतली पुस्तके उंदीर कुरतडतात, असे बाई दर सुट्टीला सांगत. नानांनी मला घासून पुसून हिरवा रंग दिला आणि एस.टी.च्या टपावर घालून गावी नेले.

"लोक बायकोला लुगडं आणतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही हे धूड आणलं?"

"लुगडं उंदीर खातीन," नाना म्हणाले. "हिले कोन खाई?"

बाई हसल्या. त्याच दिवशी त्यांनी शाळेतली सगळी गोष्टींची पुस्तके माझ्यात ठेवली. माझे खरे आयुष्य त्या दिवशी सुरू झाले.

शनिवारी सकाळची शाळा असे. शेवटच्या तासाला बाई मला उघडत. पहिली ते सातवी, सगळी मुले माझ्याभोवती बसत. माझ्यात एक पातळ पुस्तक होते. एका म्हाताऱ्याचा बैल थकतो. म्हातारा त्याला दूर रानात सोडून येतो आणि बायकोला सांगतो, बैल हरवला. म्हातारी एक शब्द बोलत नाही. ती रोज संध्याकाळी रिकाम्या गव्हाणीत चारा टाकते आणि म्हातारा ते पाहत बसतो. गोष्ट तिथेच संपते. बाई दर वर्षी ही गोष्ट सगळ्यांना वाचून दाखवत.

एका वर्षी हिलालभाऊंचा झुलाल पहिलीत आला. त्याला अक्षर येत नव्हते. गोष्ट संपल्यावर तो उठून उभा राहिला.

"बाई, मंग बैल घर उना का?"

"तुला काय वाटतं?"

"उना व्हई. त्याले वाट माहीत शे."

पहिलीच्या मुलांना पुढे काय झाले, बैल घरी आला का, एवढेच हवे असते. दुसरीत झुलाल अक्षराखाली बोट ठेवून वाचायला लागला. बोट पुढे सरके, मग तोंड उघडे. तिसरीत बाईंनी सांगितले, "आता बोट काढ. डोळ्यांनी वाच." तो घाबरला. थोड्या दिवसांत धडाधड वाचू लागला. चौथीत त्याने निकाल देऊन टाकला, "म्हातारा खोटं बोलना. तो वाईट शे." मित्रांनो, त्या वयात माणसे दोनच प्रकारची असतात.

पाचवीपासून बाईंचा नियम होता. मनाला येईल ते म्हणा, बाईंच्या विरुद्ध म्हणा, पण म्हणाल ते पुस्तकात दाखवा. "ठेव बोट," बाई म्हणत. काढलेले बोट असे परत येई. आता ते अक्षर शोधायला नसे, पुरावा दाखवायला असे. बोट ठेवता आले नाही तर मुले ओरडत, "हवामा बोट! हवामा बोट!" आणि हवेत बोट ठेवणारा खाली बसे.

सहावीत झुलालने "म्हातारा वाईट नही," असे म्हणत एका ओळीवर बोट ठेवले. परत येताना म्हाताऱ्याने दोन वेळा मागे वळून पाहिले, अशी ती ओळ होती. तो सारखा माझ्याजवळ बसे, म्हणून मुले त्याला 'पेटीना जवाई' म्हणून चिडवत. त्याला राग येत नसे.

गावात सगळ्यांना हे आवडत होते असे नाही. एकदा तोताराम आबा शेताकडे जाता जाता दारात थांबून म्हणाले, "बाई, गोष्टी आयकीसन पोट भरस का? पोरेसले पाढा शिकाडा."

"पाढे झाले, आबा. तुम्ही निघालात ना? मग थांबलात का?"

"बैलनं काय व्हयनं, तेवढं आयकी लेस," आबा म्हणाले आणि उंबऱ्यावर बसले. सगळी शाळा हसली.

झुलाल सातवीत असतानाचा एक शनिवार मी विसरत नाही. तो म्हणाला, "बाई, म्हातारीले बठ्ठं माहीत व्हतं. बैल हरवला नही, सोडी दिधा, हाई तिले माहीत व्हतं."

"ठेव बोट."

त्याने बोट ठेवले. तिथे लिहिले होते, 'म्हातारीने गव्हाणीत चारा टाकला. शेजारी पाण्याचे घमेले पालथे पडले होते.'

"बैल परत ई असं तिले वाटतं, तर तिनी पानी बी भरं असतं," झुलाल म्हणाला. "चारा बैलसाठे नहीच. म्हातारानी देखाले पाहिजे म्हनीसन तो चारा शे."

कोणीही 'हवामा बोट' म्हटले नाही. बाईंनी चष्मा पुसला आणि ती गोष्ट पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला घेतली. इतक्या वर्षांत त्या घमेल्याकडे कोणाचे लक्ष गेले नव्हते. एवढासा मुलगा गोष्टीत न लिहिलेले वाचायला शिकला होता. मला वाटले, आता माझे काम कायम चालेल. बाई म्हाताऱ्या झाल्या तरी हा आहे.

झुलाल भडगावच्या हायस्कूलला गेला. सुरुवातीला सुट्टीत यायचा. मग त्याच्या हातात गाईड आले. त्यात प्रश्न छापलेला आणि खाली उत्तरही छापलेले. दहावीला त्याला भरपूर गुण पडले. गावाने पेढे खाल्ले. बाईंनी विचारले, "धड्यातलं काय आवडलं रे?" तो म्हणाला, "बाई, धडा वाचाले टाइमच नही भेटना."

पुढे तो धुळ्याला, देवपुरात मास्तरकी शिकायला गेला. नाना निवृत्त होऊन गावी आले. आता दोघे एका घरात राहतील असे वाटले. पण बाईंना आजार निघाला आणि त्यांना धुळ्याच्याच दवाखान्यात नेले. नदीच्या पुलाच्या अलीकडे दवाखान्यात बाई, पलीकडे देवपुरात झुलाल. बाई रोज दाराकडे पाहत. नाना त्यांना सांगत, "पोरनी परीक्षा शे. ती व्हयनी का तो ई." परीक्षा संपण्याआधी बाई गेल्या. हे सगळे नानांनी मला नंतर सांगितले. बिजागऱ्यांना तेल घालताना ते माझ्याशी बोलत असत.

दीडएक वर्षाने झुलाल मास्तर होऊन आमच्याच शाळेत आला. बाईंचा विद्यार्थी बाईंच्या जागी आला म्हणून गावाला आनंद झाला. सगळ्यांत जास्त मला झाला. नानांनी त्याच्या हातात किल्ली दिली. "बाईनी पेटी आते तुनी शे." झुलाल सरांनी नानांच्या पायांवर डोके ठेवले. ते खोटे होते असे मी म्हणत नाही.

पण शनिवार आला आणि मला कोणी उघडले नाही. दुसराही गेला. सर शिष्यवृत्तीच्या परीक्षेचे जादा तास घेत होते. उत्तरे फळ्यावर लिहीत आणि मुले ती पाठ करीत. आमच्या शाळेचा निकाल चांगला लागू लागला. तेव्हाच शाळेत मुलांना वाटायचा तांदूळ येऊ लागला. त्याला उंदीर लागले. सरांनी माझ्यातली पुस्तके काढून सुतळीने बांधली, कोपऱ्यात ठेवली आणि माझ्यात तांदूळ भरला. तांदूळही मुलांचाच होता, त्याच्यावर माझा राग नाही. पण उंदीर उठले आणि पुस्तकांकडे वळले.

सातवीत तानू नावाची मुलगी होती. तिने त्या गठ्ठ्यातून ते पातळ पुस्तक ओढून काढले आणि मधल्या सुट्टीत माझ्यावर बसून वाचले. तास सुरू झाल्यावर ती म्हणाली, "सर, या म्हातारीले माहीत व्हतं."

सरांचा खडू थांबला.

"या गोष्टीचा बोध, मुक्या प्राण्यांवर दया करावी," सर म्हणाले. "तेवढंच लिहायचं."

"पन सर, हाई देखा ना, घमेलं..."

तिने बोट ठेवले. तिला कोणी शिकवले नव्हते. सरांनी तिच्या बोटाकडे पाहिले आणि पुस्तक मिटले. बोट आतच राहिले होते, ते तिने ओढून काढले.

दारात नाना उभे होते. हातात तेलाची बाटली होती. ते रागावले नाहीत. बाईंनी त्यांना त्या शनिवारचे सगळे सांगितले होते. त्यांनी एवढेच विचारले, "झुलाल, घमेलं पालथं कसाले व्हतं रे?"

सर फळ्याकडे वळले. मग हळू आवाजात म्हणाले, "नाना, ते परीक्षामा येस नही."

नानांनी ते पुस्तक सरांच्या हातातून घेतले आणि तानूला दिले. "घर ली जाय. आते ते तुनंच शे. परत देवानं नही." ते माझ्याजवळ आले, दोन्ही बिजागऱ्यांना तेल घातले आणि निघून गेले.

मित्रांनो, फुली मारणारा माणूस मला ओळखत नव्हता. त्याचे मला दुःख नाही. जो माझ्याजवळ बसून वाचायला शिकला, त्यानेच मला मिटले, याचे आहे. तुमच्या शाळेत माझ्यासारखी एखादी पेटी असेल तर तिला उघडा. पुस्तकांना उंदरांपासून जपा. आणि जे बोट ठेवून दाखवतात, त्यांचे बोट पुस्तकात चिरडू नका. त्यांना पुढचे वाचू द्या.

नाना अजून येतात. शनिवारी, शाळा सुटायच्या वेळी. सर त्यांना खुर्ची देतात, ते बसत नाहीत. ते माझ्या बिजागऱ्यांना तेल घालतात, सरांच्या समोर. पण झाकण उघडून आत काय आहे, हे ते कधी पाहत नाहीत.

ते असे का करतात, हे मी सांगणार नाही. वर कुठेतरी लिहिले आहे. शोधा, आणि ठेवा बोट.