पिवळ्या पट्टीखालची भेग

वीज कंपनीच्या हत्यारखोलीत बसणाऱ्या बाईंना सगळे वहिनीच म्हणत, कारण त्यांचा धाकटा दीर तिथेच लाइनमन होता. दर एक तारखेला त्या हत्यारं तपासत. पास झालेल्या पक्कडीच्या मुठीला त्या महिन्याच्या रंगाची पट्टी लागे. मात्र आधी जुनी पट्टी सोलायची, खालचं रबर चाचपायचं आणि मगच नवी गुंडाळायची, असा नियम होता.

"वहिनी, पक्कडीला साडी नेसवतेस का? गाडी सुटतेय," दीर दारातून म्हणाला.

"एवढी घाई लग्नाची केली असतीस तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. पण शेवटच्या दोन पक्कडींना त्यांनी गेल्या महिन्याच्या निळ्या पट्टीवरच या महिन्याची पिवळी गुंडाळली. एक त्याने नेली, दुसरी टेबलावर राहिली.

गाडी गेली, तशी त्यांच्या जिवाला रुखरुख लागली. राहिलेल्या पक्कडीची पट्टी त्यांनी सोलली. रबराला लांब भेग होती. नख घातलं, तर थेट लोखंडाला लागलं.

दोन्ही पक्कडी एकाच खोक्यातल्या, सारख्याच जुन्या. दीर आज गावठाणात वीज चालू असलेल्या लाइनवर होता, आणि उकडायला लागलं की तो हातमोजे काढतो, हे त्यांना ठाऊक होतं.

त्यांनी फोन लावला. नुसता वाजत राहिला. खांबावर चढताना सगळे फोन गाडीतच ठेवत. पुन्हा लावला. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा घाईत भलताच नंबर लागला.

त्या शेजारच्या कंट्रोल रूममध्ये धावल्या. ऑपरेटर चहा पीत होता.

"गावठाणाचा सप्लाय बंद करा."

"असा कसा करू? त्याच लाइनवर इस्पितळ आहे. वहीत कारण लिहावं लागतं, बाई."

कारण लिहिलं की नोकरी गेलीच. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दोन घरं पुढे सरकला.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पक्कड न बघता पास केली. माझी चूक. आता बंद करा."

त्याने कप खाली ठेवला, इस्पितळाला जनरेटर लावायला सांगितलं आणि खटका ओढला.

उशीर तर झाला नाही ना, हे विचारायला कोणी नव्हतं. त्या फोनकडे बघत उभ्या राहिल्या. सात मिनिटांनी फोन वाजला.

"वहिनी, लाइन कोणी घालवली? आत्ता कुठे चढून तारेला हात घालणार होतो," दीर वैतागला होता.

"पक्कडीची पट्टी सोल."

"आता?"

"सोल म्हणते ना."

पट्टी फाटल्याचा आवाज आला.

"वहिनी," तो हळूच म्हणाला, "मोजे गाडीत राहिले होते गं."

ऑपरेटरने वही त्यांच्यापुढे सरकवली. त्यांनी सही केली. अक्षर त्यांचं वाटतच नव्हतं.