सहाच्या आधी उघडायचं नाही

"सदर घरात ओव्हन नाही. पाहणीच्या वेळी शेगडी थंड होती व ओट्यावर शिजवलेले अथवा शिजत असलेले अन्न आढळले नाही. आज काय शिजवले आहे, हे मुलीला सांगता आले नाही. सबब, मुलीस घरचे ताजे अन्न मिळत नाही."

बालसंगोपन समितीच्या अहवालातील ही चार वाक्ये. पैकी पहिली तीन खरी आहेत. जुन्या पोथ्यांच्या पाठभेदांत आयुष्य घालवल्यावर मला एवढे कळले आहे की, खोट्या मजकुराला खऱ्या वाक्यांचा तुटवडा कधीच पडत नाही. या चार वाक्यांच्या बळावर आठ वर्षांच्या एका मुलीला तिच्या बापाच्या घरातून उचलून दुसऱ्या गावी, एका पालक कुटुंबात ठेवण्यात आले. ती परत यावी म्हणून केलेल्या अपिलाचा मसुदा मी लिहिला. मी त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. मुलगी मला 'वरचे आजोबा' म्हणते.

ओव्हन नाही, हे तर झालेच. दीड खोली, एका बर्नरची शेगडी, खिडकीखाली टेबल. बाप बुकबाइंडर. माझी निम्मी पुस्तके त्याच्याच हातून शिवली गेली आहेत. बायको गेली तेव्हा मुलगी तीन वर्षांची होती आणि त्याला चहापलीकडे काही येत नव्हते. तो सकाळी सातला कारखान्यात जाई, संध्याकाळी सहाला परते. दमून आलेल्या माणसाने तेव्हा कडधान्य शिजत घातले, तर मूल पेंगुळते. दिवसभर शेगडी चालू ठेवून जाणे तर शक्यच नव्हते. मग त्याने आपल्या धंद्यातूनच वाट काढली.

कारखान्यात पुस्तकांच्या कडा कापल्या की कागदाची बारीक कात्रणे पोत्यांनी निघतात. पुस्तकांच्या एका रिकाम्या लाकडी पेटीत त्याने ती ठासून भरली आणि मधोमध जाड बुडाच्या पातेल्यापुरती जागा ठेवली. सकाळी पातेल्याला खळखळून उकळी आणायची, घट्ट झाकण लावायचे, पातेले पेटीत उतरवायचे, वर कात्रणांची उशी आणि त्यावर बायकोची रजई. आतली ऊब बाहेर पडत नाही आणि अन्न दिवसभर आपल्या आपण शिजत राहते. घेवडा, बटाटे, गाजरे, कधी हाडाचे मटण. संध्याकाळी पातेले उघडले की चमच्याने तुटेल इतके मऊ. रविवारी तो पातेल्यात मिठाचा थर देऊन, त्यावर डबा ठेवून, मंद आचेवर पावसुद्धा भाजत असे. एकदा पावाचे बूड करपले. मुलगी म्हणाली, "बाबा, याला कापडी बांधणी करू या, म्हणजे दिसणार नाही."

या पद्धतीला एकच पथ्य होते: पेटी मध्येच उघडायची नाही. मुलीने एकदा साडेचारला डोकावून पाहिले. ऊब निघून गेली आणि त्या दिवशी घेवडा दाताखाली कटकट वाजला. बाप रागावला नाही. "आज दातांची तालीम," एवढेच म्हणाला. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने ग्रंथांच्या पाठीवर नाव उमटवायचे खिळे तापवून कापडाच्या पट्टीवर सोनेरी अक्षरांत एक ओळ छापली आणि ती पेटीच्या दर्शनी बाजूला चिकटवली: 'सहाच्या आधी उघडायचं नाही'. माझ्या एकाही पुस्तकावर त्याने इतकी सुबक अक्षरे उमटवलेली नाहीत.

तेव्हा पाहणीच्या वेळी, दुपारी साडेतीनला, शेगडी थंड होती यात नवल नाही. ती सकाळी साडेसहापासूनच थंड होती.

राहिले तिसरे वाक्य. आत काय आहे, हे बाप कधीच सांगत नसे. मुलगी झोपेतून उठायच्या आत पातेले पेटीत गेलेले असे. शाळेतून आली की दूध-पाव खाऊन ती पेटीला कान लावी, पेटी ढकलून वजनाचा अंदाज घेई आणि आपला तर्क चिठ्ठीवर लिहून पट्टीखाली खोचून ठेवी. सहाला दोघे मिळून रजई काढत. तर्क बरोबर निघाला तर भांडी बापाची, चुकला तर मुलीची. भांडी नेहमी बापच घाशी. तर्क चुकला की चिठ्ठीतले अक्षर नीट लागत नसल्याचे सोंग तो आणीत असे.

पाहणीच्या दिवशी मी ग्रंथालयात होतो. एरवी त्या वेळी ती माझ्याकडे गृहपाठ करत असे. निरीक्षकबाई आल्या, त्यांनी विचारले, आज घरी काय शिजवले आहे. मुलीने खरे तेच सांगितले, "माहीत नाही. बाबा आल्यावर कळतं." बाईंनी पेटीत काय आहे ते दाखवायला सांगितले. ती पेटीला पाठ लावून उभी राहिली आणि सहाच्या आधी नाही म्हणाली. दार उघडेच होते. समोरच्या शिंपीणबाईंनी हे सगळे ऐकले. त्यांची साक्ष समितीने घेतली नाही, कारण अपिलाच्या अर्जावर साक्षीदाराचा रकाना एकच होता आणि तो माझ्या नावाने भरलेला होता. जे तिथे नव्हते, त्यांचे म्हणणे मात्र सविस्तर नोंदवण्यात आले.

पहिल्या भेटीला बाप मला बरोबर घेऊन गेला. पालक कुटुंब सज्जन होते, हे लिहिणे भाग आहे. त्यांच्या स्वयंपाकघरात काचेच्या दाराचा ओव्हन होता आणि आत काय चालले आहे ते बाहेरून स्वच्छ दिसत होते. मुलीने थोडा वेळ शाळेचे सांगितले. मग विचारले, आता पेटी कोण उघडते. बाप म्हणाला, पेटी सध्या सुट्टीवर आहे. ती हसली नाही.

"बाबा, मी बाईंना उघडू द्यायला हवं होतं का?"

तिच्या फ्रॉकच्या बाहीला एक धागा सुटला होता. तो बापाने बोटाला गुंडाळून अलगद तोडला.

"नाही मुंगे. सहा कुठे वाजले होते? तू बरोबर केलंस."

"मग त्या मला का घेऊन गेल्या?"

यावर त्याने माझ्याकडे पाहिले. नऊ भाषांतले शब्दकोश माझ्या घरी आहेत.

त्यानंतर त्याने स्वयंपाक सोडला. टोस्ट आणि चहावर राहू लागला. मी ओरडलो, तर म्हणाला, "एकट्यासाठी काय पेटी भरायची, सर? तर्क कोण लढवणार?"

अपील आठ महिन्यांनी सुनावणीला आले. पेटी मी पुरावा म्हणून समितीपुढे ठेवली. पट्टीखाली शेवटची चिठ्ठी तशीच होती: 'घेवडा. गाजर नाही.' तर्क बरोबर होता. मुलीला नेले त्या संध्याकाळी ते पातेले बापाने एकट्याने उघडले होते. निरीक्षकबाईंना प्रश्न विचारण्याची मला परवानगी मिळाली. बाई खोटे बोलल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. समितीने त्यांचे उत्तर शब्दशः नोंदवून घेतले, अहवालात त्रुटी असल्याचे मान्य केले, आणि मुलगी आता तिकडे रुळली असल्याने तिच्या हितासाठी निर्णय कायम ठेवला. बापाने निकालपत्राची घडी घातली. सवयीने त्याने तिच्यावरून, कागदाची घडी दाबायची हाडाची पट्टी फिरवावी तसा, अंगठा फिरवला, आणि पेटी उचलून घरी नेली.

निरीक्षकबाईंचे उत्तर नोंदीत असे आहे:

"हो, पेटीवरची सोनेरी अक्षरं मी वाचली होती. त्या दिवशी थंडी फार होती, माझे हात गारठले होते, म्हणून मी रजईवर हात ठेवले. रजई गरम होती. आत काहीतरी शिजतंय, हे मला तेव्हाच कळलं होतं. पण तक्त्यात त्याच्यासाठी रकाना नव्हता, आणि पाचच्या आत मला अजून दोन घरं करायची होती."