वरून ओतलेलं पाणी

मी एक जुनी पाण्याची बाटली आहे. हसू नका मित्रांनो! जुनी म्हणजे काही पणजीच्या काळातली नव्हे. पण अमेरिकेत बाटलीला चार-पाच वर्षं झाली की ती म्हातारीच समजायची. नव्या रंगाची दुसरी येते आणि पहिलीची रवानगी गॅरेजमध्ये होते. माझा रंग निळा. अंगावर अमेरिकेतल्या डोंगराचं चित्र आहे, पण जन्म मात्र चीनमधला. पोलादाच्या दोन पत्र्यांमधली हवा काढून मला घडवलं. बाहेर ऊन कितीही आग पाखडो, माझ्या पोटातलं पाणी गारच राहतं. या गोष्टीचा मला फार तोरा होता.

ॲरिझोनातल्या चँडलर गावी उपासनाने मला विकत घेतलं. उपासना मूळची नागपूरची, इथे संगणकाच्या चिप्सच्या कारखान्यात इंजिनिअर. तिथे डोक्यापासून पायापर्यंत पांढरा अंगरखा चढवून काम करावं लागतं, कारण धुळीचा एक कण गेला तरी सगळा माल वाया. त्यामुळे स्वच्छता तिच्या हाडीमाशी खिळलेली. मला ती रोज गरम पाण्याने धुई, ब्रशने घासे, उन्हात उपडी ठेवी. आणि तिचा एक नियम होता, माझ्या तोंडाला तिच्याखेरीज कुणाचं तोंड लागायचं नाही. नवरा अतुलसुद्धा वरून पीत असे. मला या नियमाचा अभिमान वाटायचा. आपण कुणा ऐऱ्यागैऱ्याच्या नाही, असं वाटून मी टेबलावर ऐटीत उभी राहायची.

दर मार्चमध्ये तिथली आंबेडकरी मंडळी एकत्र जमून चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची आठवण जागवतात. तिथे उपासनाचं भाषण ठरलेलं. पाण्याचा हक्क, माणुसकीचा हक्क, असं ती पोटतिडकीने बोलायची, काकू-मावश्या डोळे पुसायच्या. घसा कोरडा पडला की ती मला उचलायची आणि सगळ्या सभागृहासमोर दोन घोट घ्यायची. टाळ्यांतला थोडा वाटा मी आपला समजत असे.

तिचे बाबा दादाराव वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. सहाराचा नकाशा फळ्यावर काढून काढून त्यांच्या बोटांना खडू चिकटला होता, पण त्यांनी वाळवंट कधी पाहिलं नव्हतं. ते चँडलरला आले तेव्हा उपासना म्हणाली, वाळवंटच तर आहे हे. त्यावर ते म्हणाले, मॉल असलेलं वाळवंट मी शिकवलं नाही बेटा. मग तिने हट्टाने बेत आखला. सहारातल्या मॉरिटानिया देशातलं शिंगेत्ती हे जुनं शहर, पूर्वी उंटांचे तांडे जिथे थांबत, जिथल्या घराघरांत हस्तलिखितं जपून ठेवलेली आहेत. पाऊस संपून कोरडा मोसम लागला होता, तेव्हा नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. अतुलला रजा मिळाली नाही. विमानातच तिने बाबांना बजावलं, "लोकल पाणी अजिबात प्यायचं नाही हं. पोट बिघडलं तर सगळी ट्रिप कॅन्सल."

मित्रांनो, शिंगेत्ती मी कशी सांगू! दगडावर दगड रचलेली घरं, चौकोनी मिनार, आणि सगळीकडून गावात शिरणारी वाळू. काही घरांच्या दारांची नुसती वरची चौकट दिसत होती. हवा इतकी कोरडी की ओठांना चिरा पडायच्या. दादाराव मात्र लहान मुलासारखे मूठभर वाळू उचलत होते आणि सोडत होते. वाटाड्या सिदी त्यांचा हात धरून चालायचा, तो इंग्रजी बोलत असे.

आमचा मुक्काम फातिमेतूच्या घरी होता. साठीची बाई, अंगभर निळं वस्त्र गुंडाळलेलं, बोलणं कमी आणि हसणं फार. पोचल्यावर तिने लाकडी वाडग्यात दूध, पाणी आणि साखर घुसळून आणली. तिथली रीत अशी की पाहुण्याने आधी प्यायचं, मग तोच वाडगा सगळ्यांत फिरायचा. वाडगा पहिल्यांदा उपासनापुढे आला. तिने छातीवर हात ठेवला, गोड हसून मान हलवली आणि मला उघडून घोट घेतला. दादारावांनी मात्र वाडगा दोन्ही हातांनी धरून तोंडाला लावला. उपासना डोळे वटारत होती, ते पीतच राहिले. त्यांच्यामागून सिदी प्यायला आणि शेवटी फातिमेतू.

दुसऱ्या दिवशी फातिमेतू आम्हांला तिच्या माहेरची हस्तलिखितं दाखवायला घेऊन गेली. वाटेत वारा सुटला. वाळू अशी उडाली की आकाश पिवळं झालं. आम्ही कसेबसे त्या घरात शिरलो. दादाराव ताऱ्यांच्या आकृत्या काढलेल्या एका पिवळ्या पानावर वाकले आणि हरखून गेले. तेवढ्यात फातिमेतूला ठसका लागला. घशात वाळू गेली होती. ती खोकून खोकून लाल झाली, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि तिने जवळ दिसलेल्या माझ्याकडे हात पुढे केला.

उपासनाने मला मागे ओढलं. वीतभरच, पण ओढलं. मग तिचं तिलाच कसंसं झालं असावं. तिने ओंजळ करायची खूण केली आणि मला उंच धरून वरून पाणी ओतलं. फातिमेतू वाकून प्यायली. अर्धं पाणी बोटांतून निसटलं, बाहीवर सांडलं. माझं तोंड तिच्या हातापासून चांगलं दूर होतं. तरीही उपासनाने ओला रुमाल काढून माझी मान पुसली, झाकण घट्ट लावलं. पाणी गार होतं मित्रांनो, पण माझ्या पोटात आग पडली होती. आयुष्यभराचा तोरा एका क्षणात उतरला. वळून पाहते तो दादाराव आमच्याकडेच बघत होते. ते हस्तलिखित तसंच सोडून बाहेर वाऱ्यात जाऊन उभे राहिले.

संध्याकाळी अंगणात तिने विचारलं, दमलात का बाबा, जेवला का नाहीत. तेव्हा ते बोलू लागले. त्यांच्या लहानपणी गावच्या शाळेत पाण्याचा माठ होता. त्याला त्यांनी शिवायचं नाही. वरच्या वर्गातला एक मुलगा पलीकडून उंचावरून पाणी ओतायचा, आणि ओंजळीतलं पाणी सांडून यांचा सदरा भिजायचा. थंडीत तोच ओला सदरा अंगावर सुकवावा लागे. हे त्यांनी लेकीला कधीच सांगितलं नव्हतं. तिला इतिहास सांगितला होता, सदरा सांगितला नव्हता.

"बाबा, ते वेगळं होतं," उपासना म्हणाली. "हे नुसतं हायजीन आहे."

"आमचे गुरुजीपण स्वच्छताच म्हणायचे," दादाराव म्हणाले. "वरून ओतलेलं पाणी मी ओळखतो, बेटा."

मी तिच्या मांडीवर होते. ती माझं झाकण उगाच उघडत होती, लावत होती. वडील रागावले असते तर तिने वाद घातला असता, वकिलासारखी बोलते ती. पण ते उठून हळूहळू खोलीत गेले. आपल्या बापाच्या नजरेतून आपण उतरलो, एवढंच तिला कळत होतं, आणि ते कसं भरून काढायचं ते कळत नव्हतं.

सकाळी निघायची वेळ झाली. फातिमेतूने निरोपाचा वाडगा आणला आणि तो सरळ दादारावांना दिला, मग सिदी प्यायला, मग ती स्वतः. उपासनासाठी तिने दुकानातून आणलेली प्लॅस्टिकची सीलबंद बाटली पुढे केली. ती तिने अगदी बुडाशी, दोन बोटांत धरली होती, आपला हात हिच्या हाताला लागू नये म्हणून. सिदीने समजावलं, "ती म्हणते, तुमच्याकडे बायकांचं पाणी वेगळं असतं हे तिला माहीत नव्हतं. चूक झाली. म्हणून हे खास तुमच्यासाठी."

त्यात टोमणा नव्हता हो. टोमणा असता तर बरं झालं असतं. उपासनाचा चेहरा असा उतरला की मला तिची कीव आली. सगळ्यांचा एक वाडगा, आणि हिला वेगळी बाटली. तिने मला खाली ठेवलं आणि वाडग्यासाठी हात पसरले. फातिमेतू गोंधळली. तिने वस्त्राच्या टोकाने वाडग्याची कड, जिथे सगळ्यांचे ओठ लागले होते ती, घासून घासून पुसायला घेतली.

"नका पुसू," उपासना मराठीत म्हणाली. ते फक्त दादारावांना कळलं. तिने वाडगा ओढून घेतला आणि बापाचं, सिदीचं, फातिमेतूचं उष्टं घटाघटा प्यायली. दादारावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

इथे गोष्ट गोड करून संपवता आली असती. पण मग उपासनाने मला उघडलं आणि फातिमेतूपुढे धरलं. तोंड लावा, अशी खूण केली. फातिमेतू हसली. पाहुणीची रीत आपण विसरलो नाही हे दाखवायला ती लगबगीने खाली वाकली आणि तिने ओंजळ पुढे केली.

उपासनाने तिचे हात धरले, मला त्यांत ठेवलं, पुन्हा पुन्हा मान हलवून सांगितलं, असं नको, असं नको. फातिमेतूने मला मायेने कुरवाळलं आणि न पिताच परत दिलं. गाडी सुरू झाली. ती दारात हात हलवत उभी होती. तिच्या मनात राग नव्हता. तिला उपासना जे शिकवून गेली, ते ती नीट शिकली होती.

आता मी चँडलरच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. उपासना मला कामावर नेत नाही. मार्चच्या भाषणासाठी तिला फोन आला, तेव्हा ती म्हणाली, या वर्षी मी ऐकायला बसते. मला तिचा राग येत नाही. माझ्याकडे बघायचं झालं की ती नजर वळवते, आणि खरं सांगायचं तर मलाही तिच्याकडे बघवत नाही.

मित्रांनो, मला घासा, पुसा, उन्हात ठेवा, नाही कुठे म्हणते? पण कुणी तहानेने हात पुढे केला तर मला मागे ओढू नका. वीतभरसुद्धा नको. पोचा आला तर मी मिरवेन, पण तो हिसका मला सोसत नाही.