लाल-पांढऱ्या वायरींचा मानकरी

मित्रांनो, औशाच्या धम्मानंद गुरुजींच्या कपाटावर बसलेला जुना डिस्क प्लेअर म्हणजे मीच. मला साधा समजू नका. माझा आवाज इतका स्वच्छ, की एकदा गाण्यात तबलजीच्या मनगटावरचं घड्याळ टिकटिकलं आणि ते ऐकून गुरुजींनी आपलं घड्याळ लावून घेतलं. खोटं वाटत असेल तर किल्ल्यावरच्या पारव्यांना विचारा.

गुरुजींच्या आई सरजाबाई गायनपार्टीत भीमगीतं गायच्या. एका कंपनीनं त्यांची गाणी भारीतल्या चकतीवर घेतली. कारखान्यात माझ्याकडून शब्द घेतला होता, की असल्या चकतीचा आवाज डिजिटल वायरीतून बाहेर सोडायचा नाही, नाहीतर चोर हुबेहूब नक्कल काढतील. म्हणून माझं ते दार बंद. जुन्या पद्धतीच्या लाल-पांढऱ्या वायरींचं दार मात्र सताड उघडं, कारण तिथून हुबेहूब नक्कल निघत नाही.

सरजाबाईंचा गळा आता पार बसलाय. यंदा जयंतीला विहारात त्यांची चकती लावायचं ठरलं आणि मलाही तिथं नेलं. साउंडवाल्या किशनरावांनी आपल्या नव्या यंत्राची डिजिटल वायर माझ्या पाठीत खोचली. मी चकती गरगर फिरवली, पण हूं की चूं केलं नाही.

"मेलंय हे, गुरुजी. भंगारात द्या. मोबाइलवर दुसऱ्या कुणाचं लावू."

"दुसऱ्याचं कामून?" सरजाबाई म्हणाल्या. "गळा गेला म्हणून मी बी गेले व्हय?"

त्यांची नात बुद्धप्रिया माझ्यामागं वाकून बघत होती. "आजी, इथं लाल-पांढरी भोकं हायेत. त्याच्या वायरी कुठं हायेत?"

"मच्छरदाणीला बांधल्यात. सुतळीपरीस लई टिकतात."

"म्हंजे आता मच्छरांचं गाणं ऐकायचं," किशनराव हसले.

बुद्धप्रियानं घरी पळत जाऊन वायरी सोडून आणल्या. त्या जोडल्या आणि मी कंठ मोकळा केला. पेटीच्या भात्याचा श्वाससुद्धा ऐकवला. सोलापूरची बस स्टँडातच थांबली. गाणं संपेपर्यंत कंडक्टरनं घंटीच मारली नाही.

सरजाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. मग नातीला म्हणाल्या, "तिसऱ्या कडव्याला घाई झाली माझी. तू गाशील तवा सावकाश घे."

मित्रांनो, गप्प बसलेल्याला लगेच मेलेलं म्हणू नका. जरा मागं वाकून बघा. तो दिलेला शब्द पाळत असेल. त्या दिवशी मी गायलो त्याचा मला अभिमान आहेच. पण आधी गप्प बसलो, त्याचा जरा जास्तच आहे.