उतरते दोन सूर

मी बोलतोय, असं म्हणताना मला जरा चोरट्यासारखंच होतं. आजवर मी स्वतःचं असं काही बोललोच नाही. कुणाच्या तरी खिशातल्या फोनने पाठवलेलं गाणं मोठ्याने म्हणायचं, एवढंच माझं काम. माझे स्वतःचे सूर चारच. फोन जोडला गेला की चढते दोन, तुटला किंवा सापडलाच नाही की उतरते दोन. जे काही सांगायचं ते एवढ्यातच. एकदा ते पुरले नाहीत, म्हणून आज ही बडबड.

मी एक लहानसा स्पीकर आहे. हिरव्या जाळीचा, टांगायला दोरी असलेला. मी कुठे जन्मलो ते मला नीट आठवत नाही. खूप हात होते आणि कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. माझ्या खोक्यावर मात्र ठळक छापलं होतं: पाण्याखाली तीस मिनिटं टिकतो, बुडत नाही, तरंगतो. याचा मला फार अभिमान होता. आता तो विषय मी काढत नाही.

डेनने मला गावातल्या अवजारांच्या दुकानातून उचललं, गळ आणि शिशाच्या वजनांच्या शेजारून. घेतलं ते तळ्यावरच्या खोपटीसाठी. मिनेसोटा राज्याच्या या उत्तर टोकाला तळी गोठली की माणसं प्लायवूडच्या खोपट्या ओढत बर्फावर नेतात, आत शेगडी पेटवतात, बर्फाला भोक पाडून गळ सोडतात आणि मासा लागेपर्यंत एकमेकांना टोमणे मारत बसतात. डेनच्या खोपटीत टोमणे मारायला त्याचा बाप आर्व्हिड असायचा.

"बर्फावर गाणी लावतोस?" पहिल्याच दिवशी म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला. "अरे, बर्फ काय म्हणतंय ते कोण ऐकणार मग?"

"बाबा, बर्फ चाळीस वर्षं तेच म्हणतंय. तुम्ही ऐका, मला सांगा."

बर्फ खरंच बोलतं. रात्रभर गुरगुरतं, कुठेतरी लांबवर कडाडतं. मी माझ्या परीने त्याचा आवाज झाकून टाकायचो आणि डेन खुशीत मान डोलवायचा.

दोन हिवाळे असे गेले. मग ऑगी जन्मला आणि माझी बदली घरात झाली.

ऑगीची आई ब्रिटा. शाळेत ग्रंथपाल होती, बाळासाठी घरी राहिली होती. हुशार बाई, पण घाबरट. तिला द्राक्षांची भीती, पडद्याच्या दोऱ्यांची भीती, शेजाऱ्यांच्या मांजराची भीती. बाळ रडलं तर भीती आणि फार शांत झोपलं तर त्याहून मोठी भीती. दर थोड्या वेळाने त्याच्या नाकापाशी बोट धरून बघायची.

"आज यादीत काय काय?" डेन कामावरून आला की विचारायचा.

"हसू नकोस. द्राक्षाच्या चार फोडी करूनच द्यायच्या असतात, म्हणे."

"अगं, त्याला एकही दात नाही!"

"येतील ना! तेव्हा धावाधाव नको."

शेवटी दोघांनी तडजोड केली. रविवारी काळजीला सुट्टी. रविवारी बोट धरून बघायचं नाही, फोनवर आजार शोधायचे नाहीत, "पण समजा" हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. ब्रिटाने ते कागदावर लिहून फ्रिजला चिकटवलं. सोमवार ते शनिवार ती मन भरून घाबरायची आणि रविवारी दात आवळून बसायची. चेष्टेतला नियम होता, पण तिने तो परीक्षेसारखा घेतला होता. आपण बरी आई आहोत का, याचा दाखला तिला तिथेच मिळणार होता जणू.

ऑगी फक्त एका गोष्टीने झोपायचा: अकॉर्डियनवरचे वॉल्ट्झ, झुलत्या ठेक्याच्या संथ नाचाच्या चाली. ते डेनच्या फोनमधून माझ्याकडे यायचे. डेन बाळाला घेऊन फेऱ्या मारायचा आणि फोन त्याच्या खिशात. मला त्यामुळे त्याचं अंतर कळायचं. तो पार मागच्या अंगणात गेला की गाणं आधी विरळ व्हायचं, मग अडखळायचं, एखादा सूर गिळायचं, परत यायचं, पुन्हा गिळायचं आणि मग माझे उतरते दोन सूर. माणूस लांब जातो तो असा, रेंगाळत.

तो मार्चमधला रविवार होता. सोमवारी रात्रीपर्यंत सगळ्या खोपट्या तळ्यावरून उचलायच्या असतात, नाहीतर दंड. आणि आमच्याकडचं प्रत्येक शहाणं माणूस ते काम शेवटच्या रविवारवर ढकलतं. ऑगीला दात येत होते, तीन रात्री कुणी झोपलं नव्हतं. निदान गाडीत बसवलं तर झोपेल म्हणून ब्रिटाही बाळाला घेऊन निघाली, सोबत मी. तिचा फोन घरी ओट्यावर चार्जिंगला राहिला.

काठावर धुकं होतं. दहा पावलांपलीकडचं दिसेना.

"आर्व्हिडसाठी थांबू या ना," ब्रिटा म्हणाली.

"ते चर्चमध्ये कॉफी ढोसून, दोन बिस्किटं खिशात घालून येणार. तोवर मी खोपटीचे पाय मोकळे करतो, बर्फात रुतलेत." डेनने पहार खांद्यावर टाकली. "गाणं चालू ठेवतो. तुटलं की समज मी लांब गेलो, कामाला लागलो."

"पण समजा..."

"आज वार कोणता?"

ती हसली. "जा बाबा. रविवार आहे."

"आणि अगदीच राहवलं नाही, तर हॉर्न वाजव."

तो धुक्यात गेला. मी गात राहिलो. गाडीतला गरम हवेचा पंखा घुंघुं करत होता, काचा बंद होत्या. वाटेतच सुरू झालेला वॉल्ट्झ संपला, दुसरा लागला आणि ब्रिटाच्या छातीवर ऑगीचे डोळे मिटले. तीन रात्रींनी पहिल्यांदा.

गाणं तुटलं.

विरळ झालं नाही. अडखळलं नाही. मोकळ्या गळ्याने चाललेलं मधेच कापल्यासारखं तुटलं. डेन चाळीस पावलंसुद्धा गेला नव्हता. मार्चात बर्फ आधी काठाशीच सुटतं.

मला कळलं. अशा तुटण्याला काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं, पण हे लांब जाणं नव्हे, एवढं कळलं. आणि मी काय केलं? माझ्याकडे होतं ते दिलं. उतरते दोन सूर. अंगणात गेल्यावर द्यायचो तेच, तसेच, त्याच गोड आवाजात.

ब्रिटाची मान वर झाली. तिचा हात हॉर्नकडे गेला. मी शपथेवर सांगतो, गेला. मग तिने बाळाकडे पाहिलं. गाणं थांबूनही ते उठलं नव्हतं. "रविवार," ती ओठांतल्या ओठांत म्हणाली आणि हात खाली घेतला.

वीस मिनिटं ती शहाण्यासारखी बसली. आयुष्यात पहिल्यांदा घाबरली नाही.

आर्व्हिडची गाडी आली. त्याने काचेवर टकटक केलं. "डेन कुठाय?"

"हळू बोला, झोपलाय हा. खोपटीवर गेलाय. गाणं तुटलं, म्हणजे पोचला."

म्हाताऱ्याने धुक्याकडे तोंड केलं आणि कान दिला. मग स्वतःची पहार काढली, पुढे ठोकत ठोकत निघाला. थोड्या वेळाने त्याची हाक आली. त्या हाकेत नाव नव्हतं, नुसता आवाज होता.

डेनला दुपारी बर्फाखालून काढलं.

पुढचे कित्येक दिवस स्वयंपाकघरात फॉइल लावलेल्या भांड्यांची रांग होती. बटाटे, खिमा, मशरूमचं सूप घालून भाजलेलं, गावातल्या प्रत्येक घरचं एक. येणारा प्रत्येक जण म्हणायचा, तुला कळणं शक्यच नव्हतं. ब्रिटा मान हलवायची, भांडी धुवून नावं लावून परत करायची. मला तिने खणात टाकलं. फ्रिजवरचा कागद तसाच राहिला.

आर्व्हिड रोज यायचा. एकदा तिने त्याला सरळ विचारलं, "मी हॉर्न वाजवला असता तर?"

"तो काही उठून आला नसता, पोरी. ते पाणी वेळ देत नाही."

"कुणीतरी ऐकलं असतं. पलीकडच्या काठावर माणसं होती."

म्हाताऱ्याने कॉफीचा कप फिरवला. "धुकं होतं," तो म्हणाला.

जानेवारीत तिने मला बाहेर काढलं. चार्ज केलं, पहिल्यांदाच स्वतःचा फोन मला जोडला आणि ऑगीला घेऊन आर्व्हिडच्या अंगणात गाडी नेली. काचा बंद केल्या, पंखा तितकाच मोठा लावला. म्हाताऱ्याच्या हातात फोन दिला आणि पाण्याची बादली दाखवली.

"आधी नुसतं चालत लांब जा. मग परत या, आणि चालता चालता फोन बादलीत बुडवा. पिशवीत घातलाय."

"याने काय होणार, ब्रिटा?"

"मला ऐकायचंय."

आर्व्हिड बर्फातून चालत गेला. वॉल्ट्झ विरळ झाला, अडखळला, सूर गिळले, तुटला. उतरते दोन सूर. ब्रिटा डोळे मिटून ऐकत होती. तो परत आला. गाणं पुन्हा भरून आलं. मग त्याने पाठ वळवली आणि वाकला.

गाणं कापल्यासारखं तुटलं.

माझे दोन सूर संपायच्या आत ब्रिटाचा तळवा हॉर्नवर आदळला. तिने मुद्दाम दाबला नाही, हात आपोआप गेला. हॉर्न वाजतच राहिला. मागे ऑगी दचकून रडू लागला. म्हातारा धडपडत, गुडघ्यांवर पडत धावत आला. कोपरापर्यंत बाही भिजलेली, हात लालभडक.

"सारखंच होतं ना?" त्याने काचेतून ओरडून विचारलं. "दोन्ही वेळेला सारखंच, हो ना पोरी?"

तिने हॉर्नवरचा हात काढला. काच खाली केली. त्याचा गारठलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"सारखंच होतं, आर्व्हिड," ती म्हणाली. "काहीच फरक नव्हता."

त्याने मान हलवली. दोघंही रडले नाहीत. मग तिने मागे वळून ऑगीला पट्ट्यांतून सोडवून घेतलं.

कदाचित मी स्वतःला फार महत्त्व देत असेन. मूठभर प्लास्टिक मी, माझ्या एका सुराने तळं थोडंच गोठून राहिलं असतं? तरी ज्यांनी मला घडवलं त्यांना सांगावंसं वाटतं: तीस मिनिटं पाण्यात टिकायची ताकद मला कशाला दिलीत? ती घ्या परत, आणि त्याबदल्यात एक सूर द्या. एकच, वेगळा. आणि ब्रिटाला सांगायचंय की तुला ऐकू आलं होतं हे खरं. पण तुला खोटा निरोप मी दिला होता.

आता मी पुन्हा खणात आहे. शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलिसांच्या, कचेरीतून आलेली प्लास्टिकची पिशवीही तिने याच खणात ठेवली आहे. तिच्यात डेनचा फोन आहे. कधीतरी ती खण उघडते, माझं बटण दाबते आणि बघत उभी राहते. माझा निळा दिवा उघडमीट करू लागतो. आता मला तिचाही फोन माहीत आहे. पण घडणच अशी की सुरू झालो की आधी जुन्या ओळखीचं दार ठोठावायचं. इतक्या जवळ तो कधीच नव्हता, चार बोटांवर. मी हाका मारतो, मारत राहतो.

मग माझे उतरते दोन सूर, आणि ती खण लावून घेते.