दीपमाळेपर्यंत

जालिंदरच्या आयुष्यातली सगळ्यात जड वस्तू म्हणजे त्याची स्वतःची ट्रंक, आणि तीही मद्रासच्या स्टेशनात हमालानं उचलली होती. विट्याकडची बरीच माणसं परमुलखात सोनं गाळायची दुकानं चालवतात. जालिंदरही चुलतमामाच्या तसल्याच दुकानात भट्टीपुढं मांडी घालून बसायचा. सगळा कारभार तोळ्या-माशाचा. बसून बसून त्याचे दंड वाळले आणि पोट तेवढं सुटलं. त्रेसष्ट साली सरकारनं सोन्यावर निर्बंध आणले, धंदा बसला आणि जालिंदर ट्रंक घेऊन वाडीला परत आला. पोरगा रिकामा बसलेला बघून त्याच्या आईनं, बनाबाईनं, लगेच त्याचं लग्न काढलं. धंदा बुडाला की लग्न करायचं हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. त्यानं नेमकं काय बरं होतं हे अजून कुणी सांगितलेलं नाही.

मुलगी वाळव्याकडची, कृष्णाकाठची. नाव राही. घरी ऊस, दावणीला म्हशी आणि दोन भाऊ तालमीतले. बघायला गेले तेव्हा तिनं काखेतली भरली घागर एका हातानं अलगद खाली ठेवली आणि दुसऱ्या हातानं पोह्यांचं ताट पुढं केलं. उंचपुरी, भरल्या अंगाची, हसली की गालाला खळी पडणारी. जालिंदरला ती इतकी आवडली की पोहे खारट होते हे त्याला घरी आल्यावर आईकडून कळलं.

परतताना बैलगाडीत मामा सहज म्हणाला, "पोरगी झ्याक हाय. पर खंडोबाला कसं करायचं रं?" जालिंदरनं आपल्या वाळक्या दंडांकडं बघितलं.

लग्न झालं की नवऱ्यानं बायकोला उचलून खंडोबाच्या पायऱ्या चढायच्या, ही रीत बऱ्याच घरांत आहे. इतरांचं चार-पाच पायऱ्यांवर भागतं, देवही फार ताणत नाही. जालिंदरच्या घराण्यात मात्र टेकडीच्या पायथ्यापासून मधल्या दीपमाळेपर्यंत न्यायची, आणि वाटेत टेकवायची नाही. त्याच्या आज्यानं म्हणे आजीला एका हातावर नेलं होतं आणि दुसऱ्या हातात नारळ होता. हे सांगणारा आजाच होता. पण चुलता धोंडीबा यानं अर्ध्या वाटेत बायको खाली ठेवली. धोंडीबानं पुढं विहीर खोदली, पंच झाला, लेकी चांगल्या घरी दिल्या, तरी गावात त्याला आजही 'टेकव्या'च म्हणतात. त्याचं टपालसुद्धा त्याच नावानं येतं. आपलंही असंच होणार या धास्तीनं जालिंदरची अन्नावरची वासना उडाली, आणि शेवटी लाज गुंडाळून ठेवून तो लालासाहेब हवालदाराच्या दारात जाऊन उभा राहिला.

हवालदाराची सगळी उमर पलटणीत पोरांना पीटी शिकवण्यात गेली होती. पेन्शनीवर आला तरी सवय सुटली नव्हती. चीनच्या लढाईनंतर भरतीला जाणाऱ्या पोरांना तो माळावर पळवत असे. सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडं एकच औषध होतं. डोकं दुखतंय, पळ. भूक लागत नाही, पळ. एकाची बायको नांदत नव्हती, त्यालाही त्यानं पळायला लावलं होतं. तो पळत पळत सासुरवाडीला पोचला आणि बायको घेऊनच आला, असं हवालदार सांगायचा.

जालिंदरनं मान खाली घालून आपली अडचण सांगितली. हवालदार हसला नाही. कामगिरीचा हुकूम ऐकावा तसं त्यानं ऐकून घेतलं.

"चढ कसा हाय? पायऱ्या दगडी का मातीच्या? ओझं किती?"

"ओझं न्हवं, हवालदार. बायकू हाय."

"वर पोचस्तवर ओझंच. वर गेल्यावर बायकू."

दुसऱ्या दिवसापासून जालिंदरचा चहा बंद झाला. पहाटे मोड आलेली मटकी, वर म्हशीचं दूध, मग माळाला पळत फेऱ्या. पळणं जमायला लागल्यावर हवालदारानं जोंधळ्याचं पोतं घोंगड्यात गुंडाळून त्याच्यापुढं टाकलं.

"कमरंतनं वाकू नगंस, जन्माचा आडवा पडशील. गुडघ्यात बस. ओझं छातीला लावून धर, लांब धरलं की जड हुतंय. दम नाकानं घ्यायचा. आन् चढताना तोंडाकडं बघायचं न्हाई, पायरीकडं बघायचं."

"पोत्याला तोंड कुठं हाय?"

"आत्तापासनं सवय लागूदे."

सोनं गाळणारा माणूस पहाटे घोंगड्यात काहीतरी जड छातीशी धरून माळावर जातो, हे गावाच्या नजरेतून सुटलं नाही. मद्रासचं सोनं पुरतोय, असा तर्क निघाला. पंचायतीला माळावर झाडं लावायची होती. त्यासाठी लागणारे खड्डे लोकांनी आपापल्या कुदळींनी फुकटात काढून दिले.

पोतं पेलायला लागलं तरी हवालदाराचं समाधान होईना. ओझ्याचा अंदाज नसताना तयारी करणं त्याला पटत नव्हतं. एके दिवशी त्यानं कोट चढवला आणि कुणाला न सांगता तो एसटीनं वाळव्याकडं गेला. संध्याकाळी परत आला तो थेट जालिंदरच्या अंगणात.

"पोत्यात भर घाल," तो म्हणाला.

"तुमी तिकडं गेला हुता? कुणाला भेटला?"

"पोरीचा चुलता हुता, हंबीरराव. काय काम काढलंसा म्हणाला. म्हटलं, पोरगी जड किती हाय ते बघाय आलोय. आमच्या पोराला पेलंना झालंय."

 जालिंदर मटकन जोत्यावर बसला. "आसं सांगितलंसा?"

"मग काय खोटं सांगू? पलटणीत कवा खोटं बोललो न्हाई."

"मग ती माणसं काय म्हणाली?"

"चा दिला," हवालदार म्हणाला. "मी घेतला न्हाई."

आता सोयरीक मोडणार म्हणून जालिंदर रोज रस्त्याकडं डोळे लावून बसला. निरोप काही आला नाही. निरोप आला नाही म्हणजे त्यांनी मनावर घेतलं नाही, असं तो धरून चालला. पुरुषांना असं धरून चालायची सवयच असते. त्यानं पोत्यात भर घातली आणि वैशाखापर्यंत ते पोतं चढावर वाहिलं. त्याचे दंड भरले, पोट आत गेलं, आणि शिंप्याला लग्नाचा कोट दोनदा उसवावा लागला.

लग्न लागलं ते गर्दीत आणि ताशांच्या आवाजात. नवरीच्या तोंडाला मुंडावळ्या, खाली मान, अंगावर जाडजूड शालू. जालिंदरनं तिच्याकडं नीट पाहिलं नाही. त्याचं लक्ष टेकडीकडं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्हीकडची माणसं पायथ्याशी जमली. हवालदार छातीवर बिल्ले लावून आला होता. बनाबाईच्या डोक्यावर नैवेद्याची पाटी होती. वाडीतली निम्मी माणसं देवाला आली होती आणि निम्मी जालिंदरला बघायला.

"गुडघ्यात बस," हवालदार पुटपुटला.

जालिंदर गुडघ्यात बसला, नाकानं दम घेतला, राहीला छातीशी धरलं आणि पोत्याला लावायचा तो सगळा जोर लावून उठला. त्या जोरानं तो मागंच पडायचा. हवालदारानं पाठीला हात लावला म्हणून वाचला. ती इतकी हलकी होती. "येळकोट येळकोट!" लोक ओरडले. भंडारा उधळला. जालिंदर भराभरा पायऱ्या चढायला लागला, आणि पहिल्या वळणापर्यंत त्याला फार आनंद झाला. आपल्या अंगात एवढं बळ आलंय हे त्याला खरंच वाटेना.

मग त्याच्या लक्षात आलं, की तिच्या हातातला हिरवा चुडा घसरून पार कोपराला आलाय. शालूच्या आत नुसती हाडं लागत होती. तिची मान त्याच्या खांद्यावर पडली होती. हवालदारानं बजावलं होतं तरी त्यानं पायरी सोडून तिच्या तोंडाकडं पाहिलं. हळदीखाली चेहरा पांढरा पडला होता. ती खळी कुठं पडायची हेसुद्धा ओळखू येत नव्हतं.

"काय हुतंय?" त्यानं हळूच विचारलं. बायकोशी बोललेला तो त्याचा पहिला शब्द.

"काय न्हाई. चला तुमी."

"जेवलीस का?"

तिनं तोंड त्याच्या खांद्यात लपवलं.

"कवापासनं न्हाई जेवलीस?"

"तुमचा हवालदार येऊन गेला तवापासनं," ती डोळे मिटूनच म्हणाली. "पोरगी जड हाय, नवऱ्याला पेलंना म्हटल्यावर आईनं भाकरी मोजली. सकाळी अर्दी, सांजचं ताक. हळद लागल्यापासनं नुसतं ताकच. आई म्हणली, त्येनं वाटंत टेकवली तर जन्माचं तुझ्याच नावानं बोलत्याली." तिनं डोळे उघडले. "चला की. लोक बघत्यात."

जालिंदरला आपल्या दंडांची एवढी लाज कधी वाटली नव्हती. आपण पहाटे उठून दूध-मटकी खात होतो, तेव्हा ही ताकावर बसली होती. आपण जोंधळा वाहिला, आणि हिनं आपल्या अंगावरचं मांस दिलं. हे सगळं कशासाठी, तर एका नावाच्या भीतीपायी.  दीपमाळ समोर दिसत होती; पळत सुटला असता तरी पोचला असता. तो थांबला, गुडघ्यात बसला आणि त्यानं राहीला पायरीवर अलगद खाली ठेवलं.

येळकोट बंद पडला. खालून कुणीतरी ओरडलं, "टेकवली रं!" आणि ते वाक्य एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर करत पायथ्यापर्यंत गेलं.

"थांबू नगंस!" हवालदार धावत आला. "दम हाय तुझ्यात!"

"मला हाय. तिला न्हाई." जालिंदर उठून आईकडं गेला, तिच्या डोक्यावरची पाटी उतरवली आणि वरचं फडकं काढलं.

"आरं, द्येवाच्या आदी?" बनाबाई किंचाळली.

"द्येव रोज जेवतोय, आई."

त्यानं पुरणपोळी काढून राहीच्या हातात दिली. ती घ्यायला तयार नव्हती. सासू समोर, दीर समोर, अख्खी वाडी समोर, आणि देवाच्या आधी. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला आणि उठेचना. शेवटी तिनं तोंड पायऱ्यांच्या कठड्याकडं केलं आणि खायला सुरुवात केली. नवरी जेवताना बघायला एवढी माणसं उभी राहिल्याचं वाडीत आधी कधी घडलं नव्हतं.  हवालदारानं काय झालं ते विचारलं, जालिंदरनं ते दोन वाक्यांत सांगितलं.  मग हवालदार पायऱ्या उतरून गेला आणि खालच्या आडावरून भरून आणलेला पाण्याचा तांब्या त्यानं राहीच्या पायाशी ठेवला.

पोळी संपली. तिच्या तोंडावर थोडा रंग आला. ती पाणी प्याली आणि तिनं वरच्या चढाकडं बघितलं.

"आता पेलंल का?" तिनं विचारलं.

"पेलंल."

"नक्की?"

"नक्की."

"मग आणिक एक खाती," राही म्हणाली, आणि तिनं स्वतःच पाटीत हात घातला.